मानेला गाठ लागली हाताला, आता काय करायचं?

'दुखत नाही ना? मग सोड.' मानेतल्या गाठीबद्दल घरोघरी हेच ऐकू येतं, आणि यातच महिने जातात. घसा आल्यावर किंवा दाढ ठणकल्यावर दोन दिवसांत फुगलेली, हात लावू न देणारी गाठ बहुतेकदा अवधाण, म्हणजे जवळच्या दुखण्यामुळे आलेली सूज, असते. मूळ दुखणं बरं झालं की तीही जिरते. मोठ्या माणसाच्या मानेत न दुखता हळूहळू वाढणारी गाठ मात्र जास्त काळजीची.

आरशासमोर बसा. बोटांच्या पेरांनी जबड्याखाली, कानामागे, मानेच्या दोन्ही बाजूंना आणि कॉलरबोनच्या वर चाचपा, आणि दोन्ही बाजू ताडून पाहा. जबड्याखाली दोन्हीकडे सारखं मऊ काही लागलं, तर ती बहुधा लाळग्रंथीच. (तिला गाठ समजून रात्र जागून काढणारे पुष्कळ.) धडधडणारी गाठ दाबत बसू नका. पाण्याचा घोट घ्या: गाठ घोटाबरोबर वर सरकली तर ती थायरॉइडची असण्याची शक्यता मोठी. जीभ बाहेर काढल्यावर मधोमधची गाठ वर ओढली गेली तर ती बहुधा जन्मजात पिशवी. जेवायला बसलं की जबड्याखाली फुगतं आणि नंतर ओसरतं, तेव्हा लाळेच्या नळीत खडा अडकलेला असू शकतो. गाठीचा आकार पट्टीने मोजून तारखेसह लिहून ठेवा, आणि मग रोज चिवडू नका.

आता तोंड. ही पायरी सगळेच विसरतात, आणि तंबाखू, गुटखा, सुपारी, मिश्रीची सवय असेल तर खरी गोम इथेच असते, कारण तोंडातला किंवा घशातला कॅन्सर कधीकधी पहिल्यांदा मानेतच दिसतो. कवळी असेल तर काढा. टॉर्च धरून गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली बघा. 3 आठवड्यांत न भरलेला फोड, पांढरा वा लाल चट्टा, उभी 3 बोटं न मावणारं तोंड, बसलेला आवाज, एकाच कानाची कळ, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गाठ 2 ते 3 आठवड्यांत गेली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. कॉलरबोनच्या वरच्या गाठीसाठी एवढंही थांबू नका; तिचं मूळ छातीत किंवा पोटात असू शकतं. श्वास अडतोय, लाळ गिळवत नाही, तापासह जबड्याखाली सूज आहे, तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

डॉक्टर तोंड बघतील, गरज पडल्यास नाकातून दुर्बीण घालून घसा तपासतील, सोनोग्राफी सांगतील. थायरॉइडची गाठ असेल तर रक्तात टीएसएच, म्हणजे थायरॉइड नीट काम करते का याची तपासणी. तो नॉर्मल आला म्हणून गाठही निर्दोष ठरत नाही. मुख्य तपासणी म्हणजे सुईची, एफएनएसी. बारीक सुईने थोड्या पेशी ओढतात, काम काही मिनिटांचं. 'सुई टोचली की कॅन्सर पसरतो' या भीतीने लोक पळतात, पण या बारीक सुईने तसं होणं फारच विरळ. धोका असतो तो घसा न बघता, सुई न लावता थेट गाठ कापण्यात. तसं केलं तर पुढचं ऑपरेशन अवघड होऊ शकतं, आणि टीबीची गाठ चिरली तर जखम महिनोन्‌महिने वाहू शकते.

आपल्याकडे गंडमाळ, म्हणजे गाठींचा टीबी, अजून भरपूर आहे. म्हणून सुईतून निघालेल्या नमुन्याची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी) तपासणीही होईल का, हे विचारा. गाठ काढून तपासणार असतील तर एक तुकडा सलाइनमध्ये ठेवायला सांगा. फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवण्याच्या द्रावणात) टाकलेल्या तुकड्यावर टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी, होत नाही. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, कोर्स साधारण 6 महिन्यांचा. मध्येच गाठ थोडी फुगली तरी औषध बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. लिम्फोमाचा (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा) संशय असेल तर बारीक सुई पुरत नाही. जाड सुईची बायोप्सी करावी लागते किंवा अख्खी गाठ काढावी लागते.

रिपोर्टवर 'नमुना अपुरा' लिहून आलं तर त्याचा अर्थ 'काही नाही' असा नव्हे. सोनोग्राफीत बघत पुन्हा सुई लावून घ्या.