स्पोर्ट्स सेडानची तुलना: पोस्टरवरची गाडी बाजूला ठेवा, घरी येणारी तपासा

लहान लक्झरी सेडानचा विषय निघाला की गप्पा दहा मिनिटांत बीएमडब्ल्यू एम३ किंवा मर्सिडीजच्या सी६३ वर येऊन पोहोचतात. पैसे मोजायची वेळ आली की मात्र बहुतेकांच्या दारात उभी राहते ती दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाची साधी आवृत्ती. त्यात वाईट काहीच नाही, त्या गाड्या उत्तम असतात. घोळ एवढाच, की माणूस तुलना करतो पोस्टरवरच्या गाडीची आणि चावी घेतो दुसऱ्याच गाडीची. पुढच्या पायऱ्या या घरी येणाऱ्या गाडीसाठी आहेत.

पायरी १: यादी तीन गाड्यांची करा, आणि डिकीवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका

हा वर्ग बीएमडब्ल्यूने १९७५ मध्ये ३ सिरीज आणून रुजवला. मर्सिडीजने १९८२ मध्ये १९० आणली, तीच पुढे १९९३ मध्ये सी-क्लास झाली. १९९४ मध्ये ऑडी ए४ आली. २०२४ पासून तिची गादी ए५ या नावाने चालते. लेक्सस आयएसचा जन्म १९९८ मध्ये जपानात टोयोटा अल्टेझा म्हणून झाला. अल्फा रोमिओ जूलिया २०१५ ची, जेनेसिस जी७० २०१७ ची. इतक्या वर्षांत सगळ्यांची रेसिपी जवळपास एकच झाली आहे: दोन-अडीच लिटरचं टर्बो इंजिन, अडीचशेच्या आगेमागे अश्वशक्ती, सात ते नऊ गिअरचा ऑटोमॅटिक. ३ सिरीज, जूलिया आणि जग्वार एक्सई या तिघींनी तर झेडएफ या एकाच कंपनीचा आठ गिअरचा गिअरबॉक्स वापरला. कागदावर भावंडं वाटतात ती यामुळे.

डिकीवरचा आकडा पूर्वी इंजिनाचा आकार सांगायचा. आता तो फक्त गाडीचा मान सांगतो. ३ सिरीजमधली आजची ३३०आय तीन लिटरची नाही, दोनची आहे. सी-क्लासमधल्या सी ३०० चंही तेच. अमेरिकेत बरीच वर्षं विकलेल्या लेक्सस आयएस ३०० चा किस्सा तर मजेशीर आहे. मागच्या चाकांना जोर देणारी घ्याल तर दोन लिटर टर्बो, चारही चाकांची घ्याल तर साडेतीन लिटरचं व्ही६, म्हणजे सहा सिलिंडरचं. नाव मात्र दोघींचं एकच! आणि जिच्यावर पोस्टर छापतात त्या सी६३ मधला ६३ हा आकडा मुळात ६.२ लिटरच्या व्ही८ च्या काळातला. २०२२ मध्ये आलेल्या सी६३ मध्ये दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन आणि विजेची मोटर आहे.

म्हणून यादी करताना बिल्ला विसरा आणि पैशाचा आकडा धरा. तेवढ्याच पैशात प्रत्येक कंपनी नेमकं कुठलं इंजिन, कुठलं सस्पेन्शन आणि किती मोठी चाकं देते ते मांडा. तीनपेक्षा जास्त गाड्या घेऊ नका. पाचवीची टेस्ट ड्राइव्ह होईपर्यंत पहिलीचं स्टिअरिंग कसं होतं ते आठवत नाही.

यादीतल्या गाड्यांची मूळ बांधणीही पाहून ठेवा. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, अल्फा, लेक्सस, जेनेसिस आणि कॅडिलॅक सीटी४ यांत इंजिन लांबीत बसवलेलं असतं आणि जोर मुळात मागच्या चाकांना जातो. ऑडीत इंजिन लांबीतच असतं, पण पुढच्या चाकांच्या रेषेच्याही पुढे ढकललेलं, त्यामुळे वजन नाकाकडे झुकतं. वॉल्वो एस६० मध्ये इंजिन आडवं आणि जोर मुळात पुढच्या चाकांना. वळणावर जाणवणारे निम्मे फरक इथेच ठरलेले असतात.

पायरी २: आकडे वाचा, पण आधी एका मापात आणा

अश्वशक्तीची दोन मापं चालतात. इंग्रजी अश्वशक्ती ७४५.७ वॉटची, मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॉटची. २०१८ मध्ये आलेल्या पिढीची ३३०आय युरोपात २५८ ची म्हणून विकली गेली आणि अमेरिकेत २५५ ची म्हणून, ताकद तीच असून. दोन परीक्षणं शेजारी ठेवून ‘हिच्यात तीन जास्त आहेत’ म्हणण्याआधी माप बघा.

पिकअपच्या आकड्यात याहून मोठी गफलत होते. अमेरिकी मासिकं शून्य ते ६० मैल मोजतात, म्हणजे ताशी ९६.६ किलोमीटर. बाकी बहुतेक जग १०० पर्यंत मोजतं. शिवाय अमेरिकेत गाडी पहिला फूटभर पुढे सरकल्यावर घड्याळ सुरू करायची ड्रॅग शर्यतीतून आलेली रीत आहे, त्यात दोन-तीन दशांश सेकंद वाचतात. दोन्ही मिळून एकाच गाडीच्या दोन वेळांत अर्ध्या सेकंदाचा फरक सहज पडतो. मित्रमंडळींतले वाद बहुतेक या अर्ध्या सेकंदावरच चाललेले असतात.

वजनाला ताकदीइतकाच मान द्या. समजा एका गाडीत २५० अश्वशक्ती आणि वजन १,५०० किलो. दुसरीत २८० आणि १,७५० किलो. भागाकार केला तर पहिलीला दर टनामागे १६७ मिळतात, दुसरीला १६०. जास्त ताकदीची गाडी मागे पडली, आणि ते अडीचशे किलो ब्रेक मारतानाही अंगावर येणार, वळतानाही, टायरच्या बिलातही.

टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचा, सर्वांत मोठा आकडा किती, यापेक्षा तो किती आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर) हाताशी येतो ते पाहा. ३३०आयचा ४०० न्यूटन-मीटरचा जोर दीड हजारांच्या थोडा वर गेलात की मिळतो. रोजच्या चालवण्यात ट्रकला मागे टाकताना हाच कामाला येतो. साडेसहा हजार आरपीएमला भेट द्यायची वेळ महिन्यातून एकदा येते. शून्य ते शंभरचा आकडाही मला म्हणूनच फारसा मोह घालत नाही. त्याऐवजी ६० ते १०० ला लागणारा वेळ शोधा.

पायरी ३: टेस्ट ड्राइव्ह. इथे घाई केलीत तर बाकी सगळं वाया

आधी माझी एक चूक सांगतो, कारण ती टाळता येते. शोरूमने चालवायला दिलेली गाडी इतकी छान गेली की परत येऊन मी लगेच बुकिंग केलं. गाडी घरी आली आणि पहिल्याच खडबडीत पट्ट्यावर दात वाजले. चौकशीअंती कळलं, की चालवून पाहिलेल्या गाडीत मऊ-कडक होणारं इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन होतं आणि चाकं १८ इंची होती. मी घेतलेल्या व्हेरियंटमध्ये साधं कडक सस्पेन्शन आणि १९ इंची चाकं, कारण ती ‘दिसायला भारी’. विक्रेत्याने सांगितलं नाही हे खरं, पण मी विचारलंही नव्हतं.

तेव्हापासून गाडीत बसण्याआधी मी खाली वाकून टायरच्या कडेवरचे आकडे वाचतो. २२५/४५ आर१८ म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर आणि बाजूच्या रबराची उंची तिच्या ४५ टक्के, म्हणजे १०१ मिलिमीटर. २२५/४० आर१९ मध्ये तीच उंची ९० होते. खड्डा आणि तुमचा कणा यांच्यामधलं सेंटिमीटरभर रबर कमी झालं. त्यात टायर रन-फ्लॅट असला, म्हणजे पंक्चर झाल्यावरही चालत राहणारा, तर त्याची कड आणखी ताठ. फोटोत मोठी चाकं जिंकतात. मी लहान घेतो.

आता प्रत्यक्ष चालवणं. गाडी थंड असताना सुरू करायला मिळाली तर उत्तम, टर्बो चार सिलिंडरचा खरा आवाज तेव्हाच ऐकू येतो. बराचसा ‘स्पोर्टी’ आवाज स्पीकरमधून येतो, म्हणून गाणी बंद ठेवा आणि ड्राइव्ह मोड आधी कम्फर्टवर. मग याच क्रमाने जा.

पहिली पाच मिनिटं गर्दीत रांगत चालवा. ब्रेकवरून पाय उचलला की गाडी हळूच सरकते की हिसका देते? सिग्नलला आपोआप बंद झालेलं इंजिन पुन्हा सुरू होताना अंग थरथरतं का? महागड्या गाडीचं बिंग वेगात क्वचितच फुटतं, या रांगण्यात फुटतं.

नंतर ताशी तीस-चाळीसने तुटका रस्ता शोधा. सस्पेन्शन कडक असणं आणि वाईट असणं यात फरक आहे. चांगलं कडक सस्पेन्शन उंचवट्यावर एकदाच ‘धप्’ म्हणतं आणि शांत होतं. वाईट सस्पेन्शन नंतरही दोन-तीनदा हलत राहतं आणि डॅशबोर्डमधून बारीक किरकिर येते.

स्टिअरिंग तपासायला वेग लागत नाही. ओळखीच्या वळणावर हळूहळू चाक वळवा आणि पाहा, पुढच्या टायरवर भार चढतो तसा हाताला जडपणा वाढतो का. सगळ्यांचं स्टिअरिंग आता विजेच्या मदतीवर चालतं आणि जुनी गंमत कमी झाली आहे. इन्फिनिटीने तर २०१३ च्या क्यू५० मध्ये चाक आणि टायर यांच्यातलं काम तारांवर सोपवलं होतं, यांत्रिक जोडणी फक्त अडीअडचणीपुरती. जूलियाचं स्टिअरिंग याच्या दुसऱ्या टोकाला. तिचं गुणोत्तर ११.८ ला एक (स्टिअरिंग ११.८ अंश फिरवलं की टायर एक अंश वळतो) इतकं चपळ, की पहिल्या वळणावर जवळजवळ प्रत्येक जण गरजेपेक्षा जास्त वळवतो आणि ओशाळून थोडं सोडतो. दहा मिनिटांत हाताला सवय होते, आणि मग बाकीच्या गाड्या आळशी वाटू लागतात. मला तरी वाटल्या.

शेवटी मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि मनात मोजा: पाय दाबल्यापासून पाठ सीटला टेकेपर्यंत किती वेळ गेला? आधी गिअर खाली यायला हवा, मग टर्बोत हवा भरायला हवी. कागदावर सारख्या असलेल्या दोन गाड्या इथे वेगळ्या होतात. ब्रेक एकदा जोरात आणि अनेकदा हळुवार मारा. पेडलचा पहिला इंचभर प्रवास पोकळ वाटतो का, ते हळुवार मारल्यावरच समजतं.

यादीत विजेवरची टेस्ला मॉडेल ३ असेल तर ही पिकअपची परीक्षा ती हसत जिंकेल. तिला रांगण्याच्या आणि तुटक्या रस्त्याच्या परीक्षेला बसवा.

पायरी ४: किंमत म्हणजे शोरूमचा आकडा नव्हे

जाहिरातीतली किंमत ही त्या व्हेरियंटची असते जो शोरूममध्ये उभा नसतो. हवी तशी गाडी भरत गेलात की पॅकेजमागून पॅकेज लागत जातं आणि ‘एंट्री लेव्हल’ गाडी वरच्या वर्गाच्या दाराशी जाऊन उभी राहते. पर्यायांची यादी हातात घ्या आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहा: हे नंतर बसवता येईल का? सस्पेन्शन, सीट, मोठे ब्रेक, चार चाकांची ड्राइव्ह नंतर येत नाही, पैसे तिथे घाला. सजावटीच्या पट्ट्या, रंगीत दिवे, काळा बिल्ला राहू द्या. विकताना या हौसेच्या गोष्टींचे पैसे जवळपास परत येत नाहीत.

चालू खर्चात लोक पेट्रोल मोजतात आणि टायर विसरतात. काही व्हेरियंटमध्ये मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद असतात. दिसतं छान, पण मग पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून झीज वाटून घेता येत नाही. विम्याचा आकडाही बुकिंगआधी काढा, नंतर नाही.

आणि एक वाट खुली ठेवा: नव्या चार सिलिंडरच्या पैशात दोन-तीन वर्षं वापरलेली सहा सिलिंडरची. या वर्गातल्या गाड्यांची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते, आणि ती घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. ३ सिरीजच्या एम३४०आयमधलं तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडर किंवा जी७० चं ३.३ लिटरचं व्ही६ एकदा चालवलंत तर नव्या गाडीचा वास तितकासा महत्त्वाचा वाटणार नाही. अट एवढीच, की सर्व्हिसचा पूर्ण इतिहास हातात हवा आणि वॉरंटी अजून शिल्लक हवी किंवा वाढवता यायला हवी. बंद पडलेल्या मॉडेलांबाबत, उदाहरणार्थ २०२४ मध्ये उत्पादन थांबलेल्या एक्सईबाबत, सुटे भाग किती दिवसांत मिळतात ते आधी गॅरेजवाल्याला विचारा, विक्रेत्याला नाही.

पायरी ५: मोहाचंही माप घ्या

मोह हा तर्काचा शत्रू आहे असं मी मानत नाही. नुसती शहाणी गाडी हवी असती तर तुम्ही निम्म्या पैशात दुसरीच घेतली असती. फक्त मोह कशाचा, ते ओळखा. बिल्ल्याचा असेल तर तो शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी आहे. हाताला लागणाऱ्या गोष्टींचा असेल तर तो तुमचा. जूलियातली गिअर बदलायची ॲल्युमिनियमची थंड, लांब पात्यांची जोडी स्टिअरिंगबरोबर फिरत नाही, स्तंभाला पक्की असते; ती बोटांना आपोआप सापडते. याउलट एसीचं तापमान बदलायला पडद्यात दोनदा टोचावं लागत असेल, तर पडदा कितीही मोठा असो, रोज चिडचिड होणार.

म्हणून आवडत्या गाडीकडे तिसऱ्यांदा जा, आणि या खेपेला अंधार पडल्यावर. काचेवर पडद्याचं प्रतिबिंब किती येतं, दिवे वळणाकडे बघतात का, बटणं न पाहता सापडतात का, हे दिवसा कळत नाही.

या खेपेला मागे बसणाऱ्या माणसालाही घेऊन जा. ३ सिरीजची डिकी ४८० लिटरची आहे, पण मागच्या सीटच्या मधोमध गिअरबॉक्सकडून येणारा उंच बोगदा आहे आणि पाचवा माणूस तिथे पाय फाकवून बसतो. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत तसंच आहे. पुढची सीट तुमच्या उंचीला लावा, त्यांना मागे बसवा, त्याच तुटक्या रस्त्यावरून पंधरा मिनिटं फिरवून आणा, आणि उतरताना त्यांनी एका हाताने दाराची चौकट धरली की दोन हातांनी, तेवढं बघा.