डिसेंबरातील बर्मिंगहॅम: मुलांच्या पदवीप्रदानाला येताना या चुका टाळा

ब्रिटनमध्ये एक वर्षाचा मास्टर्स अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांचा पदवीप्रदान सोहळा अनेक विद्यापीठांत डिसेंबरात होतो, आणि त्याच दिवसांत बर्मिंगहॅमच्या व्हिक्टोरिया स्क्वेअरमध्ये व न्यू स्ट्रीटवर जर्मन धर्तीचे फ्रँकफर्ट ख्रिसमस मार्केट भरलेले असते. पुण्या-नाशिकहून येणारे आईवडील या दोन्ही गोष्टी एकाच सहलीत बसवतात, आणि ते योग्यच आहे. मात्र या शहरात राहून ओळखीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांना मदत करताना दर हिवाळ्यात त्याच त्या चुका पाहून जीव तुटतो. त्यांतल्या बहुतेक चुका घाईतून होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सोहळ्याच्याच दिवशी सकाळी मार्केट उरकून घेणे. सोहळा दुपारी आहे, मार्केट सकाळीच उघडते, न्यू स्ट्रीट स्थानकाहून बर्मिंगहॅम विद्यापीठाजवळचे युनिव्हर्सिटी स्थानक रेल्वेने दहा मिनिटांच्या आत येते, मग मधला वेळ वाया का घालवायचा, असा हिशेब मांडला जातो. गाऊन घेण्याची रांग, तो अंगावर नीट बसवण्याचा वेळ, छायाचित्रकाराकडची गर्दी या गोष्टी त्या हिशेबात धरलेल्या नसतात. पाहुण्यांनी सोहळ्याच्या बऱ्याच आधी जागेवर बसायचे असते आणि प्राध्यापकांची मिरवणूक सभागृहात शिरल्यावर उशिरा आलेल्यांना सहसा आत घेत नाहीत, याकडेही कोणी लक्ष देत नाही.

काही वर्षांपूर्वी नाशिकच्या एका कुटुंबाला मी आदल्या रात्री हे सगळे समजावून सांगितले होते. तरीही ‘एका दिवसात बर्मिंगहॅम’ अशा धर्तीचा एक व्हिडिओ पाहून ते सकाळी मार्केटला गेलेच. मुलगी वेळेत निघाली आणि तिने आईवडिलांना मागच्या गाडीने यायला सांगितले. मार्केटमध्ये गरम पेये ज्या मगांतून देतात त्यांची अनामत रक्कम आधीच घेतली जाते आणि तो मग परत दिल्यावर ती मिळते. काही पौंडांची ती अनामत सोडायला वडील तयार नव्हते आणि रांग लांब होती. आई लाकडी खेळण्यांच्या दुकानापाशी नातवासाठी काहीतरी निवडत होत्या. तेवढ्यात पावसाची भुरभुर सुरू झाली, पैठणी सावरत स्थानक गाठेपर्यंत एक गाडी गेली, आणि नंतरची उशिरा आली. ते पोहोचले तेव्हा सभागृहाची दारे बंद झाली होती. शेजारच्या खोलीतल्या पडद्यावर थेट प्रक्षेपण चालू होते, तिथे त्यांना बसवले. व्यासपीठावर एका विद्यार्थ्याचे नाव घेतले जाते, तो चालत जातो, आणि काही सेकंदांत पुढचे नाव येते. ज्या मुलीच्या शिक्षणासाठी त्यांनी घरावर कर्ज काढले होते, तिचे ते काही सेकंद त्यांनी पडद्यावर पाहिले. त्या माउलीला काय सांगावे हे मला सुचले नाही.

म्हणून माझा शिरस्ता असा आहे की मार्केट सोहळ्याच्या निदान एक दिवस आधी पाहावे, तेही आठवड्याच्या मधल्या वारी संध्याकाळी. शनिवारी न्यू स्ट्रीटवर पाऊल ठेवायला जागा नसते आणि वृद्ध माणसांचे फार हाल होतात. सोहळ्याच्या दिवशी विद्यापीठाखेरीज कुठेही जाऊ नये आणि तीन तास आधी पोहोचावे. हे वेळखाऊ वाटणाऱ्यांनी सूर्याकडे पाहावे: डिसेंबरात येथे चारच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारचा सोहळा संपून बाहेर आल्यावर फोटो काढू म्हणणाऱ्यांच्या हाती काळोखच लागतो. बर्मिंगहॅम विद्यापीठातील ‘ओल्ड जो’ हा सुमारे १०० मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा उजेडातच फोटोत नीट येतो. त्याचे टोले पडत असताना खालून गेले तर परीक्षेत नापास होतो, अशी विद्यार्थ्यांची जुनी समजूत आहे. वर्षभर मनोरा टाळलेली मुले गाऊन घालून त्याखालून चालतात, तेव्हा आईवडील शेजारी असावेत.

पाहुण्यांच्या तिकिटांबाबतही असेच होते. एका विद्यार्थ्यामागे साधारणपणे दोनच तिकिटे खात्रीने मिळतात. जादा तिकिटांसाठी वेगळी मागणी करावी लागते आणि ती मिळतीलच असे नसते. आजी-आजोबांचे विमानाचे तिकीट काढण्याआधी मुलाला ही चौकशी करायला लावा. विद्यार्थ्यालाही सोहळ्यासाठी मुदतीत नाव नोंदवावे लागते आणि गाऊनचे आरक्षण स्वतंत्रपणे करावे लागते.

व्हिसासाठी निकालाची वाट पाहत बसू नये. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, तर प्रबंधाचा निकाल अनेकदा नोव्हेंबरात लागतो. निकालानंतर धावपळ करणाऱ्यांना मग जादा पैसे भरून तातडीची सेवा घ्यावी लागते. अर्ज वेळेवर करावा आणि विमानाचे तिकीट तारीख बदलता येईल असे घ्यावे, कारण निकाल लांबला तर विद्यार्थ्याचा सोहळाही पुढे जातो. अभ्यासक्रम संपवून भारतात परतलेल्या आणि विद्यार्थी व्हिसाची मुदत संपलेल्या मुलालाही स्वतःच्या सोहळ्यासाठी नवा व्हिसा लागतो. तसेच ब्रिटनच्या व्हिसावर जर्मनीतील कोलोन किंवा फ्रान्समधील स्ट्रासबुर्गची मार्केट पाहता येत नाहीत. त्यासाठी शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो.

साडी जरूर नेसावी, पण आतून थर्मल आणि पायात घट्ट पकडीचे बंद बूट हवेत. कोल्हापुरी चपला घरीच ठेवा.

शाकाहारी मंडळींनी मार्केटमध्ये दिसेल ते तोंडात टाकू नये. तिथल्या बटाट्याच्या धिरड्यांत बहुधा अंडे असते आणि गरम चॉकलेटवरच्या मार्शमॅलोत प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनणारे जिलेटिन. ॲलर्जी होऊ शकणाऱ्या ज्या १४ घटकांची माहिती विक्रेत्याने देणे कायद्याने बंधनकारक आहे त्यांत अंडे आणि दूध आहे, जिलेटिन मात्र नाही, म्हणून ते स्पष्ट शब्दांत विचारावे. भारतातून येताना तूप आणि खव्याचे पेढे आणू नयेत. दुग्धजन्य पदार्थांना येथे बंदी आहे आणि विमानतळावर ते काढून घेतले जातात.

सोहळ्यानंतर २५ तारखेपर्यंत राहणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मार्केट २४ डिसेंबरला संपते, नाताळच्या दिवशी रेल्वे धावत नाही आणि २६ तारखेलाही बहुतेक मार्ग बंद असतात. २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकाने नाताळला उघडण्यास २००४ च्या कायद्याने मनाई आहे. तेव्हा या दोन दिवसांत हीथ्रोहून विमान असेल तर २४ तारखेलाच विमानतळाजवळच्या हॉटेलात मुक्काम हलवावा. बर्मिंगहॅममध्येच थांबणाऱ्यांनी दूध, पाव, भाजी आणि आजी-आजोबांची औषधे २४ च्या दुपारपर्यंत आणून ठेवावीत, कारण संध्याकाळी दुकाने लवकर बंद होतात.