ध्रुवीय नौदल मोहिमांचे पॅच जमवताय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात तिघांनी मला पॅचचे, म्हणजे गणवेशावर शिवायच्या भरतकामाच्या कापडी बिल्ल्यांचे, फोटो पाठवले. तिघांचा प्रश्न एकच, "काका, ओरिजिनल आहे का?" आणि तिन्ही फोटो फक्त पुढच्या बाजूचे. पेंग्विन, बर्फ, नांगर, जहाजाचं नाव सगळं झकास दिसत होतं. पाठ एकानेही दाखवली नव्हती.

मी जालन्याचा. इथून पैठण हाकेच्या अंतरावर. पैठणी घ्यायला गेलेली आपल्याकडची कुठलीही बाई आधी पदर उलटा करून बघते. हातमागाच्या अस्सल पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच रेखीव असते. यंत्रावरच्या साडीची पाठ सुट्या धाग्यांनी भरलेली दिसते. हे आपल्या आया-आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. मग पॅच घेताना तीच सवय कुठे जाते, हे मला खरंच कळत नाही. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही, बर्फ तर लांबच राहिला. पण कापड ओळखायची नजर आपल्याकडे आहे, आणि या छंदात निम्मं काम कापडाचंच आहे.

पाठीवर काय बघायचं? जुन्या पॅचच्या मागे जाळीचं कापड किंवा नुसती टीप दिसते. रंग बदलतो तिथे धागा एका भागातून दुसऱ्या भागात ओढत नेलेला दिसतो. प्लास्टिकचा चकचकीत थर साधारण पुढच्या काळातला, आणि वेल्क्रो असेल तर तो आणखी अलीकडचा. कडही बघा. दोरखंडासारखी जाड, गोल गुंफलेली कड असते, तिला मेरो कड म्हणतात. ती १९६० च्या दशकात सर्रास झाली. त्याआधीच्या बहुतेक पॅचची कड सरळ कापलेली असते. १९४७ चा म्हणून कुणी मेरो कडेचा, प्लास्टिक पाठीचा पॅच दाखवला, तर माझ्यापुरता तो विषय तिथेच संपतो.

तारखेचा हिशेब न करणं

यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती अजून सलते.

२०११ साली मी एका परदेशी विक्रेत्याकडून अमेरिकी नौदलाच्या अंटार्क्टिक विमान पथकाचा पॅच मागवला. वर्णनात लिहिलं होतं, "१९६२, खलाशाच्या जॅकेटवरून उसवलेला." पॅचवर पथकाचं नाव व्हीएक्सई-६, खाली डीप फ्रीझ ६२, म्हणजे अमेरिकी नौदलाच्या अंटार्क्टिक मोहिमेचं नाव आणि हंगाम. टपालखर्चासकट ४,२०० रुपये गेले. पाच आठवडे रोज पोस्टमनची वाट बघितली. आला त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला दाखवला.

महिनाभराने नांदेडला एका ज्येष्ठ संग्राहकांकडे गेलो. त्यांनी तो हातातही घेतला नाही. लांबूनच बघून म्हणाले, "हा 'ई' कुठून आला?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. हे पथक १९५५ मध्ये उभं राहिलं तेव्हा त्याचं नाव होतं व्हीएक्स-६. व्हीएक्सई-६ हे नाव १९६९ पासूनचं, आणि १९९९ मध्ये पथक बरखास्त होईपर्यंत तेच राहिलं. १९६२ च्या खलाशाच्या जॅकेटवर सात वर्षांनंतरचं नाव येणार कसं? मग त्यांनी नोटा तपासायचा निळा दिवा आणला, तो बऱ्याच दुकानांत असतो. खोलीत अंधार केला. पांढरा धागा ट्यूबलाइटसारखा पेटला. हल्लीच्या धाग्यांत उजळपणासाठी जे रसायन असतं त्याची ती चमक. विक्रेत्याला मी तीनदा लिहिलं, उत्तर आलं नाही.

दिव्याबद्दल एक सांगून ठेवतो, कारण घाईतली पोरं दिव्यालाच न्यायाधीश करतात. पॅच चमकला म्हणजे तो नवाच, असं नाही. जुना पॅच कुणी कधी डिटर्जंटमध्ये धुतला असेल, तर तोही चमकतो. म्हणून दिव्याचा पुरावा मी शेवटी धरतो, आधी तारखा.

तारखांचा हिशेब अवघड नाही, फक्त बसून करावा लागतो. अंटार्क्टिकाचा उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा, त्यामुळे प्रत्येक हंगाम दोन वर्षांत विभागलेला असतो. ऑपरेशन डीप फ्रीझचा पहिला हंगाम १९५५-५६, दुसरा १९५६-५७, तिसरा १९५७-५८. नंतर आकड्यांची जागा वर्षांनी घेतली. म्हणजे डीप फ्रीझ ६२ हा १९६१-६२ चा हंगाम. "आमचे आजोबा १९६२ च्या नोव्हेंबरात निघाले, हा त्यांचा डीप फ्रीझ ६२ चा पॅच" अशी कथा सोबत आली, तर ती जुळत नाही. त्या नोव्हेंबरात डीप फ्रीझ ६३ सुरू होतं.

जहाजांचंही असंच. ग्लेशियर ही बर्फफोडी नौका १९५५ मध्ये अमेरिकी नौदलात आली आणि १९६६ मध्ये तटरक्षक दलाकडे गेली. ग्लेशियरच्या पॅचवर तटरक्षक दलाचं नाव आणि डीप फ्रीझ ६० एकत्र दिसले, तर तो त्या काळात शिवलेला नाही.

माझी सवय अशी आहे. पॅचचा फोटो आला की आधी कागदावर तीन ओळी लिहितो: पथक किंवा जहाज कधी सुरू झालं, नाव कधी बदललं, कधी बंद झालं. या तीन ओळी भरल्याशिवाय किंमत विचारतच नाही. यात एक संध्याकाळ जाते. ज्यांना एक संध्याकाळ द्यायची नाही, त्यांनी हा छंद करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नावावरून जहाज ठरवणं

एन्ड्युरन्स हे जहाजाचं नाव म्हटलं की सगळ्यांना ध्रुवीय प्रवासी शॅकल्टनच आठवतो. त्याचं जहाज १९१५ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात बुडालं आणि २०२२ मध्ये तळाशी सापडलं. ते ब्रिटिश नौदलाचं नव्हतं. नौदलाच्या एन्ड्युरन्स दोन. पहिली १९६७ पासून सेवेत होती, १९८२ च्या फॉकलंड युद्धात होती ती हीच. दुसरी १९९० साली पोलर सर्कल या नावाने बांधलेली, नौदलाने घेतल्यावर १९९२ मध्ये तिचं नाव एन्ड्युरन्स झालं.

इथेच आपली माणसं आणखी एकदा फसतात. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरली. त्यांच्या जहाजाचं नावही पोलर सर्कल. ते नॉर्वेचं, भाड्याने घेतलेलं. ब्रिटिशांचं पोलर सर्कल बांधलं गेलं त्याच्या कितीतरी वर्षं आधी ही मोहीम होऊन गेली होती, त्यामुळे ही दोन वेगळी जहाजं आहेत. "भारताची पहिली मोहीम ज्या जहाजातून गेली त्याचा ब्रिटिश पॅच" असं सांगून कुणी काही विकायला आलं, तर हात जोडून निरोप द्या. त्या पहिल्या मोहिमेच्या नावाने भारतीय युद्धनौकेचा पॅच दाखवणाऱ्यालाही तेच. नौदलाची माणसं आणि हेलिकॉप्टरं मोहिमेबरोबर होती, जहाज नौदलाचं नव्हतं.

या लहान चुका, पण रोजच्या

पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच पॅचवर दिसले की लगेच नकली म्हणू नका. दोन्ही ध्रुवांवर जाणाऱ्या बर्फफोड्या नौकांना दोन्ही प्राणी शोभतात.

एकाच विक्रेत्याकडे ऑपरेशन हायजम्प या अमेरिकी नौदलाच्या अंटार्क्टिक मोहिमेचे दहा कोरे, एकसारखे पॅच असतील तर थांबा. १९४६-४७ च्या त्या मोहिमेत १३ जहाजं आणि सुमारे ४,७०० माणसं होती. इतक्या वर्षांनी तिथलं काही मिळालं तर एखाददुसरं मिळतं.

माजी सैनिकांच्या मेळाव्यांसाठी नंतर बनवलेले पॅच वाईट नसतात. मीही ठेवतो, पण वेगळ्या पानावर आणि वेगळ्या किमतीत.

परदेशी पार्सलवर कस्टम ड्यूटी लागते. ती धरूनच हिशेब करा.

धागा जाळून बघू नका. कधीच.

पॅच शर्टावर, जॅकेटवर शिवून मिरवू नका. ज्याने तो कमावला त्याचा तो मान आहे.

धुणं आणि इस्त्री करणं

परभणीचा एक कॉलेजातला मुलगा. त्याचे मामा नौदलात हेलिकॉप्टरचे तंत्रज्ञ होते, ऐंशीच्या दशकात एका अंटार्क्टिक मोहिमेला गेले होते. त्यांनी आपला पॅच भाच्याला दिला. पोराने प्रेमापोटी काय करावं? कोमट पाण्यात साबणाची पावडर टाकून तासभर भिजवला. लाल कडेचा रंग उतरला आणि पेंग्विनच्या पांढऱ्या पोटावर गुलाबी ओघळ आले. ते जावेत म्हणून पुन्हा घासला. मग सपाट व्हावा म्हणून कडक इस्त्री फिरवली, तर काही धागे वितळून चकाकले, मेणासारखे.

तो माझ्याकडे आला तेव्हा रडवेला झाला होता. मी पॅच खिडकीपाशी नेला. खालच्या कोपऱ्यात एक फिकट तपकिरी कडं उरलं होतं. मी विचारलं, "इथे डाग होता का?" म्हणाला, "हो, काळा होता. तो तर छान निघाला."

मामांना फोन लावला. ते दोन क्षण गप्प राहिले, मग म्हणाले, "अरे, हेलिकॉप्टरमध्ये इंधन भरताना वारा सुटला होता, तेव्हाचा डाग तो. मी मुद्दाम जपला होता."

म्हणून सांगतो, डाग पडलेला पॅच घाण समजू नका. धूळ काढायची असेल तर मच्छरदाणीचा तुकडा पॅचवर ताणून धरा आणि त्यावरून व्हॅक्यूम क्लीनर सगळ्यात हळू फिरवा. मशीन नसेल तर रंगकामाचा मऊ ब्रश चालतो, एकाच दिशेने. पाणी लावणं अगदी अटळ असेल, तर आधी पाठीवरच्या एका धाग्यावर डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून पांढरा कापूस दाबा. कापसाला रंग लागला तर तिथेच थांबा. मी स्वतः गेल्या दहा वर्षांत एकही पॅच भिजवलेला नाही. चुरगळलेला पॅच दोन सुती कापडांमध्ये ठेवून वर पुस्तकं ठेवतो, आठवड्याने तो आपोआप सरळ होतो.

ठेवण्याचंही तेच, आपलं हवामान ओळखून. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेला फायलीचा पीव्हीसी कप्पा चिकट होतो आणि पॅचला धरून बसतो. लोकरी कापडावरच्या पॅचला कसर लागते. मी जुनी, खळ नसलेली, अनेकदा धुतलेली धोतरं फाडून त्यात एकेक पॅच गुंडाळतो आणि घराच्या सगळ्यात थंड, कोरड्या खोलीतल्या लाकडी पेटीत ठेवतो. पाऊस सरल्यावर दसऱ्याला सगळे बाहेर काढून सावलीत एक दिवस वारं देतो, पाठीही तपासतो.

त्या मुलाला मी एकच काम सांगितलं, मामांकडे जाऊन बस आणि लिहून घे. कुठल्या महिन्यात निघाले, जहाज कोणतं, पॅच कुणी वाटला, कुठल्या कपड्यावर होता. संग्राहक पॅचचे हजारो रुपये मोजतात आणि देणाऱ्या माणसाला पाच प्रश्न विचारत नाहीत. तो दोन रविवार परभणीहून मामांच्या गावी गेला. मामांनी वहीची साडेतीन पानं स्वतःच्या अक्षरात लिहून दिली, शेवटच्या पानावर पॅचचं चित्र काढलं आणि काळ्या पेनाने कोपऱ्यात तो डाग भरला.