संकरित ज्वारीचा बीजोत्पादन प्लॉट : या चुका टाळा

नागपूर भागात रब्बीतला संकरित ज्वारीचा प्लॉट फसला की खापर बियाण्यावर फुटतं. बहुतेक वेळा नुकसान होतं ते फुलोऱ्याच्या दिवसांतल्या आळसाने.

सगळ्यात महाग पडते ती चुकवलेली सकाळची फेरी. प्लॉटमधल्या मादीच्या ओळी परागहीन असतात, शेजारच्या नराच्या परागाने त्यांच्यावर संकरित बी धरतं. पण मादीच्या ओळींत पराग सोडणारी भेसळ झाडं निघतातच. त्यांचे परागकोश पिवळे, टपोरे असतात. खऱ्या मादीचे फिकट, सुकलेले. ज्वारीची फुलं मध्यरात्रीनंतर उमलायला लागतात, म्हणून न्याहारी आटोपून अकराला शेतात गेलात तर त्या दिवसाची भेसळ झालेली असते. उजाडताच ओळीओळीने फिरा, फुलोरा संपेपर्यंत रोज. नुसतं कणीस खुडू नका, झाड मुळासकट उपटा. नाहीतर फुटव्यांना कणसं येतात आणि पराग पुन्हा उडतो. ज्यांना आठवड्याला एकच फेरी जमते, त्यांनी हा प्लॉट घेऊच नये.

नर-मादीचा फुलोरा जुळला नाही तरी मेहनत वाया. पेरणीनंतर महिनाभराने दोन्हींची चार-पाच झाडं उभी चिरून आतला कोंब पाहा. मागे पडलेल्यावर 2 टक्के युरिया फवारा, म्हणजे 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम. पुढे गेलेल्या ओळींचं एक पाणी चुकवा. कणीस पोटरीत आल्यावर ही धावपळ करून उपयोग नाही.

पेरणी ऑक्टोबरअखेर ढकलू नका. फुलोरा जानेवारीच्या थंडीत सापडतो, नराचे पराग कमजोर पडतात आणि कणसं अर्धी रिकामी राहतात.

दुसऱ्या ज्वारीपासून 200 मीटर, चाऱ्याच्या ज्वारीपासून 400 मीटर अंतर हवंच. बांधावरचं जॉन्सन गवत, म्हणजे ज्वारीचं रानटी भावंड, तेही काढा.

एकाच मादीवर विसंबण्याची चूक तर पैदासकारांकडूनही झाली आहे. देशातला पहिला संकरित बाजरी वाण एचबी-1 हा 1965 चा, मादी अमेरिकेची टिफ्ट 23ए. पाठोपाठचे संकरही तिच्यावरच उभे राहिले आणि 1971 मध्ये गोसावी (केवडा) या बुरशीजन्य रोगाने बाजरी झोडपली. ज्वारीतही 1964 च्या सीएसएच-1 पासून बहुतेक संकर मायलो पेशीद्रव्यावरच (मादीला परागहीन ठेवणारा, आईकडूनच येणारा पेशीतला भाग) आहेत. पुढच्या पैदाशीत वेगळ्या पेशीद्रव्याच्या माद्या वापरात यायलाच हव्यात, त्यांच्यासाठी नर शोधणं कितीही किचकट असलं तरी.

संकरित पिकाचे दाणे पुढच्या वर्षी पेरू नका. उंची, पक्वता सगळंच विस्कटतं.

काढणीला आधी नराच्या ओळी कापा, कणसं शेताबाहेर न्या, पडलेली कणसंही वेचा. मगच मादीला हात लावा.