निरगुडीचा शेक आणि तेल घरी कसं करावं

शाळेत असताना निरगुडी माहीत होती ती फोक म्हणून, म्हणजे मार देण्याची लवचीक छडी म्हणून. ओढ्याच्या काठावरून गुरुजींसाठी ताजा फोक तोडून आणायचा मान वर्गातल्या कुणाला तरी मिळे आणि पुष्कळदा पहिला प्रसादही त्यालाच मिळे. पानं ओरबाडताना हाताला लागलेला उग्र वास दोनदा हात धुतले तरी जात नसे. पुढे वीसेक वर्षांनी आत्याचे गुडघे धरले, तेव्हा पुन्हा त्याच ओढ्यावर गेलो आणि पाला घेऊन आलो. तेव्हापासून घरात शेक आणि तेल चालू आहे. त्यात जे जमलं आणि जे फसलं, ते इथे क्रमाने लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो. गुडघ्यातली झिजलेली कुर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची मऊ गादी, निरगुडीने भरून येत नाही. आखडलेला सांधा जरा मोकळा होतो, ठणका उतरतो आणि रात्रीची झोप लागते, एवढ्यासाठी हा खटाटोप करायचा. पाल्याच्या अर्काने सूज कमी होते असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे, पण माणसांवरचे मोठे अभ्यास फारसे नाहीत. शेकाचा निम्मा गुण उबेचा, असं माझं मत आहे. उरलेला निम्मा सोडायचं मात्र मला कारण दिसत नाही.

झाड ओळखणं

ओढ्याकाठी, नदीच्या पात्राच्या कडेला, शेताच्या बांधावर पुरुषभर ते दोन पुरुष उंचीचं झुडूप शोधा. शेळ्या-गुरं सहसा याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला मुद्दाम लावतात. एका देठावर पाच पानं, कधी तीन, हाताच्या पंजासारखी पसरलेली असतात. मधलं सगळ्यांत लांब आणि त्याला स्वतःचा छोटा देठ, तर कडेची दोन लहान आणि जवळजवळ बिनदेठाची. पान उलटं केलं की खालून राखाडी-पांढरट दिसतं. कोवळी काडी दोन बोटांत फिरवली तर चौकोनी लागते. तुळशीचीही तशीच असते, कारण दोघी एकाच कुळातल्या. पावसाळ्यात शेंड्यांना निळसर जांभळ्या बारीक फुलांचे तुरे येतात आणि मागून मिऱ्याएवढी फळं धरतात, ती पिकली की काळी होतात. शेवटची खूण वासाची. पान चुरगळल्यावर उग्र, नाकात चढणारा वास आला नाही, तर ते झाड सोडून द्या.

पानाच्या ठेवणीमुळे शहरातल्या माणसाला ही गांजा वाटते. यात नवल नाही. चीनमधल्या निरगुडीच्या एका प्रकाराचं शास्त्रीय नावच ‘गांजाच्या पानाची’ अशा अर्थाचं आहे. पण गांजाच्या पानाची कड करवतीसारखी कातरलेली असते, आपल्याकडच्या निरगुडीची बहुधा सरळ असते. गॅलरीतल्या कुंडीवरून शेजाऱ्यांनी विचारलं, तर पान उलटं करून दाखवा.

निगड, लिंगड अशी नावंही ऐकू येतात. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली तिथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात ‘नेगुंडो’ म्हणून या झाडाची दखल घेतली आहे. १७५३ साली लिनिअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने शास्त्रीय नाव ठेवलं तेही ‘व्हायटेक्स नेगुंडो’. आपला निर्गुंडी शब्दच परदेशी फिरून आला.

पाला आणणं

जून झालेली हिरवी पानं घ्यायची. अगदी कोवळी लुसलुशीत पानं तव्यावर लगेच करपतात आणि पिवळी पडलेल्यांना वास नसतो. फवारणी होणाऱ्या द्राक्षबागेच्या किंवा ऊसाच्या बांधावरचा पाला आणू नका. घरी आल्यावर दोन पाण्यांत धुऊन, फडक्यावर पसरून पाणी निथळू द्या.

शेक

एका गुडघ्याला दोन मुठी पाला लागतो. लोखंडी तवा मंद आचेवर ठेवा, चमचाभर एरंडेल सोडा आणि पाला टाका. आधी चर्र आवाज होतो, मग खोलीभर वास सुटतो आणि पानं काळपट हिरवी होऊन बसू लागतात. उलथन्याने सतत हलवत राहा. मूठभर पाला दाबून पाहा. मऊ गोळा झाला की उतरवा. चुरा झाला तर करपला, टाकून द्या.

हा पाला धुतलेल्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून पुरचुंडी करा. अशा दोन केलेल्या बऱ्या, म्हणजे एक गुडघ्यावर आणि दुसरी तव्यावर. पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवून दहा आकडे मोजा. तेवढा वेळ सोसली, तरच दुसऱ्याच्या अंगाला लावा. पंधरा ते वीस मिनिटं गुडघ्याच्या दोन्ही बाजूंनी आणि मागच्या खळग्याजवळ हलक्या हाताने शेकायचं. शेवटी कोमट झालेला पाला गुडघ्यावर पसरून वर फडकं सैल बांधलं की आत्या तशीच झोपी जाते. रात्री झोपण्याआधीची वेळ म्हणूनच उत्तम.

मनगटाचा नियम मी चटका देऊन शिकलो. पहिल्याच आठवड्यात पुरचुंडी तव्यावरून थेट आत्याच्या गुडघ्यावर ठेवली. ती म्हणाली, “अरे, गरम कुठंय? अजून तापव.” मी तापवली. सकाळी गुडघ्याखाली रुपयाएवढा फोड होता. आत्याला पंधरा वर्षांचा मधुमेह आहे, पायाची जाणीव कमी झाली आहे, चटका तिला कळलाच नव्हता. मधुमेह असलेल्या माणसाला “सोसतंय का?” असं विचारून भागत नाही, उष्णता आपण तपासायची. जखम, पुरळ किंवा फुटलेली कातडी असेल तिथे शेक नाहीच.

आणखी काही ठिकाणी हात आवरता घ्यावा. पाय नुकताच मुरगळला असेल तर पहिले दोन दिवस थंड शेक द्यायचा, गरम नाही. हाड मोडल्याची शंका असेल तर पाला-बिला न बांधता एक्स-रे काढायचा. सांधा लाल झाला, हाताला गरम लागतो आणि अंगात तापही आहे, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर ती चोळू नका, शेकूही नका. शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचं ते लक्षण असू शकतं.

आमवाताची गोष्ट निराळी आहे. सकाळी बोटं, मनगटं तासभर आखडतात आणि सुजतात, त्या दुखण्यात आयुर्वेदच तेल लावू नका म्हणतो. तिथे तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक देतात. कुठलाही सांधा दुखला की तेल चोळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तेल

आयुर्वेदातलं प्रमाण सोपं आहे: कल्क (वाटलेला ओला पाला) एक भाग, तेल चार भाग, द्रव सोळा भाग. म्हणजे पाव लिटर तिळाच्या तेलाला साठ-पासष्ट ग्रॅम वाटलेला पाला आणि एक लिटर काढा. खरं तर पाल्याचा रस घालतात, पण निरगुडीचं पान कोरडं असतं, लिटरभर रस काढायला पोतंभर पाला लागेल. काढ्यावर काम भागतं.

आदल्या दिवशी अर्धा किलो पाला ठेचून ४ लिटर पाण्यात उकळायला ठेवा. झाकण ठेवायचं नाही. आटत आटत १ लिटर उरला की गाळून घ्या. रंग गडद चहासारखा येतो. तो थंड करून फ्रिजमध्ये ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी, जाड बुडाची कढई घ्या. फेस वर येतो, म्हणून ती निम्म्याहून जास्त भरता कामा नये. तेल नुसतं कोमट करून त्यात वाटलेला पाला कालवा आणि मग काढा थोडा थोडा ओता. तापलेल्या तेलात काढा ओतलात तर ते तोंडावर उडेल. आच मंदच ठेवायची. सकाळी चढवलं तर दुपारच्या जेवणापर्यंत होतं. पहिले दोन तास नुसती खदखद चालते, लक्ष नसलं तरी चालतं. पाणी संपत आलं की मात्र कढईपाशीच उभं राहायचं, कारण कल्क बुडाला धरतो आणि करपायला दोन मिनिटं पुरतात.

तेल झालं हे कळायच्या तीन खुणा आहेत. एक, तेलावर बारीक फेस दाटतो. औषधी तूप शिजून तयार झालं की फेस बसतो, तेल झालं की येतो, ही गंमत आहे. दोन, कल्क बोटांत वळला की त्याची वात होते. तीन, ती वात पळीच्या टोकावर धरून ज्योतीत नेली तर चटचट आवाज होत नाही. आवाज आला तर पाणी उरलंय. माझी पहिली बाटली याच खुणेवर फसली. जरा चटचट होतेय, चालेल म्हणून उतरवलं. दहा दिवसांत तळाला गढूळ थर बसला, झाकण उघडलं की आंबट वास, सगळं ओतून द्यावं लागलं.

कढई उतरवून तेल कोमट असतानाच फडक्यातून पिळून गाळा. बाटली काचेची आणि आतून खडखडीत कोरडी हवी. तारीख लिहून ठेवा. आम्ही सहा महिन्यांत संपवतो. पहिल्यांदा लावण्याआधी कोपराच्या आत थेंबभर लावून एक दिवस वाट पाहा. खाज, लाली आली नाही तर रोज चमचाभर तेल कोमट करून हलक्या हाताने जिरवायचं आणि मग वर सांगितलेला शेक द्यायचा.

हे तेल पोटात घ्यायचं नाही. पाल्याचा रस किंवा काढा पोटात घ्यायचा तो वैद्याच्या सल्ल्यानेच. गरोदर बाईने आणि हार्मोनची औषधं चालू असलेल्यांनी तो घेऊच नये.

वाफारा आणि अंघोळीचं पाणी

सर्दीने नाक चोंदलं असेल तर उकळलेल्या पाण्यात मूठभर पाला टाकून, पातेलं गॅसवरून खाली जमिनीवर घेऊन पाच मिनिटं वाफ घ्या. लहान मुलांना असं पातेलं देऊ नका, वाफाऱ्याचं पाणी सांडून पोरं भाजतात. दम्याच्या माणसाला या उग्र वासाने उलट धाप लागू शकते.

बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात निरगुडीचा पाला उकळायची जुनी पद्धत आहे. सिझेरियन झालं असेल तर टाके भरून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत थांबावं.

घरी लावायची असेल तर

पावसाच्या सुरुवातीला अंगठ्याएवढ्या जाडीची, वीतभर फांदी तिरकी कापून निम्मी मातीत खोचा. झाड हट्टी आहे, सहज लागतं. कुंडीत लावलं तर दर पावसाळ्याआधी छाटा, नाहीतर नुसत्या काड्या वाढतात. जमिनीत असेल तर छाटलेले फोक टोपल्या विणणारे आनंदाने नेतात. धान्याच्या कणग्याही पूर्वी याच फोकांच्या विणत आणि वरून शेणामातीने लिंपत.

छाटणीचा पाला सावलीत वाळवून गव्हाच्या डब्यात घालून ठेवला तर किडीला आळा बसतो. मात्र गहू दळायला नेण्याआधी तो निवडून काढा. एकदा आमच्याकडून राहिला, आणि आठवडाभर कडू पोळ्या खाताना आत्या मला म्हणत होती, “गुडघ्याला लावायचं ते गुडघ्यालाच लाव रे बाबा.”