कॅन्सरचं नुकतंच निदान झालेल्यांसाठी माहितीपत्रक बनवताय? या चुका टाळा

जाडजूड पुस्तिका ओपीडीत वाटली जाते आणि पुढच्या आठवड्यात तेच प्रश्न पुन्हा खिडकीवर येतात. गडबड बहुधा पुढे दिलेल्यांपैकी एखाद्या ठिकाणी असते.

'पेशी म्हणजे काय'पासून सुरुवात. रिपोर्ट हातात पडल्यावर माणूस विचारतो: पुढची तपासणी कोणती, उपाशी यायचं का, पैसे किती लागतील, रजा किती दिवसांची टाकू? आधी ओपीडीबाहेर बसून हे प्रश्न लोकांच्याच शब्दांत टिपा. मग टप्प्यागणिक एकच पान द्या: तपासण्या, उपचार ठरवणं, पहिली केमो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं पहिल्याच पानावर हवीत. योजनेतल्या रुग्णालयातही उपचाराआधी मंजुरी लागते, आणि हे उशिरा कळलं की तारीख पुढे जाते.

रिपोर्टमधले शब्द तसेच सोडणं. 'ग्रेड 3' वाचून घरचे 'तिसरी स्टेज' समजतात आणि रात्रभर झोपत नाहीत. पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते ग्रेड सांगते, आजार किती पसरलाय ते स्टेज. नमुना रिपोर्ट छापा आणि त्या शब्दाशेजारीच अर्थ लिहा.

'ताप आल्यास डॉक्टरांशी संपर्क साधा'. सगळ्यात घातक ओळ हीच. किती ताप? कुठले डॉक्टर? रात्री 2 वाजता कोण? अनेक केमोंनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. तेव्हा 100.4 अंश फॅरेनहाइट किंवा जास्त ताप म्हणजे तातडीची वेळ. पण घरात आधी पॅरासिटामॉल दिली जाते. ताप उतरतो, संसर्ग आत वाढतच राहतो. म्हणून असं लिहा: 'ताप मोजा. 100.4 किंवा जास्त असेल तर लगेच या नंबरवर फोन करा आणि निघा. विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊ नका.' नंबर ठळक छापा, आणि छापण्याआधी एकदा मध्यरात्री लावून बघा. कुणी उचलत नसेल तर आधी ती व्यवस्था दुरुस्त करा, कागद नंतर.

नातेवाइकांनाच रुग्ण समजणं. 'बाबांना सांगू नका' हे रोजचंच. तरी रुग्णाला एकट्याला विचारा: तुम्हाला किती जाणून घ्यायचंय, सोबत कोण हवं? मुखपृष्ठावर मोठ्ठं 'कॅन्सर' असलेली पुस्तिका गादीखाली जाते. साधी फाइल वापरात राहते.

'समजलं का?' विचारून माहितीपत्रकाची चाचणी आटोपणं. उत्तर नेहमी 'हो'च येतं. त्याऐवजी काम द्या: 'केमोला दहा दिवस झालेत, 101 ताप आहे. या कागदावर बघून काय कराल?' पाच जणांना विचारा, त्यांत एक तरी कमी शिकलेला हवा. मदत करू नका. दोघं एकाच जागी अडखळले तर मजकूर बदला आणि नव्या माणसांवर पुन्हा तपासा. वैद्यकीय चुका डॉक्टर-नर्सनी बघायच्याच, पण त्यांना कळतंय म्हणजे चाचणी झाली असं नाही.

अक्षर किमान 14 पॉइंट ठेवा. वाचता न येणाऱ्यांसाठी तोच मजकूर एका मिनिटाच्या ऑडिओत व्हॉट्सअ‍ॅपवर द्या. तळाशी तारीख टाका, म्हणजे नंबर बदलल्यावर जुने कागद ओळखून काढून घेता येतात.