दोन धर्मांच्या ओढाताणीत वाढलेल्यांनी स्वतःची श्रद्धा कशी शोधावी

माझी आई एका धर्माची, बाबा दुसऱ्या. धर्मांची नावं मुद्दाम लिहीत नाही. ती कळली की वाचणारा आधी बाजू घेतो आणि मग पुढचं वाचतो. आजोळी बाबांच्या माणसांबद्दल सांगितलं जायचं, बाबांच्या घरी आईच्या. सांगणारी सगळी माझ्यावर जीव टाकणारी, म्हणून ते आत रुतून बसलं. अशा घरात किंवा वस्तीत वाढून आता 'मी स्वतः काय मानते?' असा प्रश्न ज्यांना पडलाय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवात देवापासून करू नका. आधी श्रद्धेतून वैर वेगळं काढा, कारण लहानपणी दोन्ही एकाच तोंडून, एकाच मायेने मिळालेलं असतं. एक वही घ्या. 'त्यांच्या'बद्दल जे जे ठाऊक आहे असं वाटतं, ते एकेका ओळीत उतरवा. शेजारी तीन रकाने आखा: कोणी सांगितलं, तेव्हा माझं वय काय होतं, मी स्वतः काय पाहिलं. माझ्या वहीत शेवटचा रकाना जवळजवळ कोराच राहिला. आणि एक वाक्य दोन्ही घरांतून जसंच्या तसं आलेलं निघालं: 'तोंडावर गोड बोलतात, पण पोटात वेगळंच असतं.' आजीच्या नावापुढे तेच, आत्याच्या नावापुढेही तेच. दोघी एकमेकींशी कधी धड बोलल्याही नव्हत्या.

हे वैर धर्मातूनच येतं असं मानण्याचं कारण नाही. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी 1970 च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रं आवडतात त्यावरून गट पाडलेत, असं मुलांना सांगितलं. प्रत्यक्षात गट कसेही पाडले होते. पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. दुसऱ्यांपेक्षा आपल्याला जास्त मिळतंय ना, मग आपलं एकूण थोडं कमी झालं तरी त्यांना चालत होतं. तिथे ना ग्रंथ होता, ना देव.

वही भरली की आधी घरातल्या श्रद्धेकडे वळा. बहुतेक जण इथे घाई करतात आणि थेट परक्या दारात जाऊन उभे राहतात. घरातला ग्रंथ स्वतः वाचा, निवडक उतारे नकोत. नावडते भागही वाचा. वडीलधाऱ्यांना 'हे खरं आहे का?' असं विचारू नका, वाद होतो. 'याचा तुम्हाला कधी आधार वाटला?' असं विचारा. आजीला विचारलं तेव्हा तिने देवाचं नावही काढलं नाही. मामा लहानपणी तापाने फणफणला होता त्या रात्रीचं सांगू लागली. प्रार्थना म्हणत राहिलं की हात थरथरायचे थांबायचे, एवढंच म्हणाली. मला त्या धर्मातलं जे कळलं, त्यातलं पुष्कळसं त्या रात्रीच्या गोष्टीतून कळलं.

मग दुसरी श्रद्धा. स्वीडिश धर्मशास्त्रज्ञ आणि बिशप क्रिस्टर स्टेंडाल यांनी 1985 मध्ये स्टॉकहोममध्ये सांगितलेले तीन नियम मी पाळते. एखादा धर्म समजून घ्यायचा तर त्याच्या अनुयायांना विचारा, विरोधकांना नाही. आपल्यातलं उत्तम आणि त्यांच्यातलं वाईट अशी तुलना करू नका. त्यांच्यातल्या एखाद्या गोष्टीचा मनापासून हेवा वाटला तर वाटू द्या. तिसरा सगळ्यात अवघड, कारण हेवा वाटला की आपण फितूर झालो असं वाटतं. बाबांच्या प्रार्थनास्थळातल्या शांततेचा मला अजूनही हेवा वाटतो.

दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळी जाताना आधी परवानगी विचारा आणि सणाच्या दिवशी जाऊ नका, साध्या दिवशी जा. मागे बसा, फोटो काढू नका. विधीत भाग घ्यायचा का, हे तिथल्याच कोणाला तरी विचारा. ओळख झाली की एक प्रश्न जरूर विचारा: 'तुम्हाला स्वतःला यातलं काय पटत नाही?' जो मोकळेपणाने उत्तर देईल त्याची संगत सोडू नका. चर्चासत्रांपेक्षा एकत्र काम बरं. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच मांडलं होतं की नुसतं शेजारी राहून पूर्वग्रह जात नाहीत. बरोबरीचं नातं, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि अधिकारावरच्या माणसांचा, संस्थांचा पाठिंबा असेल तर ते ओसरतात.

जिथे घाई करायला लावतात, घरच्यांशी बोलू नको म्हणतात, प्रश्न विचारला की पापाची भीती घालतात किंवा पहिल्याच ओळखीत पैसे मागतात, तिथून निघा. धर्म कुठलाही असो.

घरी सांगणं हा वेगळाच विषय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं अठरावं कलम धर्म बदलण्याचंही स्वातंत्र्य देतं. 1989 च्या बालहक्क संहितेतल्या चौदाव्या कलमात मुलांच्याही विचार, विवेक आणि धर्माच्या स्वातंत्र्याचा उल्लेख आहे. पण तुमचं जेवणखाण, शिक्षण, डोक्यावरचं छप्पर घरच्यांच्या हातात असेल आणि मारहाणीची किंवा हाकलून देण्याची भीती असेल, तर थांबा. गप्प राहणं म्हणजे खोटेपणा नाही. आधी एका भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगा, आपली कागदपत्रं हाताशी ठेवा. सांगाल तेव्हा 'तुमचं चुकलं' या सुरात सांगू नका. 'मी हे वाचते आहे, तिथे जाते आहे' एवढंच बोला. मी आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, 'आमच्यात काय कमी होतं?' याला उत्तर देण्याआधी तिच्याजवळ बराच वेळ बसावं लागलं.

'मग तू नक्की कोणाची?' असं विचारणारे जन्मभर भेटतील. सगळ्यांना उत्तर देणं लागत नाही. ओळखीपाळखीतल्यांना मी 'अजून शोधते आहे' म्हणते आणि विषय बदलते. ज्यांना खरंच जाणून घ्यायचंय, त्यांना घरी बोलावते.